डिकीत पाणी येतं कुठून?

धरमतर खाडीवरचा पूल ओलांडून अलिबागकडे जाणारा रस्ता जुलैत सगळीकडून पाण्यानं वेढलेला असतो. खाली अंबा नदीचं रुंद मुख, पलीकडे खारेपाटाची भातशेती आणि वरून पाऊस. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत उरकतो. शिवाय वडखळपासून बंदराकडे आणि कारखान्यांकडे जाणाऱ्या अवजड ट्रेलरांच्या रांगा आहेतच. त्यांच्यामागून चालणाऱ्या लहान गाडीवर रस्त्यातलं गढूळ पाणी खालून वर उडत राहतं. या पट्ट्यात गाडी बाळगणाऱ्याला एखाद्या पावसाळ्यात डिकी उघडली की कुबट वास येतो, गालिचा हाताला ओला लागतो आणि स्टेपनी उचलली की खड्ड्यात पाणी साचलेलं दिसतं.

डिकीतली गळती किरकोळ समजली जाते. ब्रेक लागत नसेल तर माणूस तडक गॅरेज गाठतो, डिकीत पाणी असेल तर पाऊस संपण्याची वाट पाहतो. पण डिकीत काय काय असतं ते पाहावं. पेणहून नेलेले पोहे-पापड असतात, शाळेची दप्तरं असतात आणि भाद्रपदाच्या तोंडावर पेणच्या कारखान्यांतून घरी निघालेला गणपतीही कित्येकदा डिकीतूनच जातो. शाडूची मूर्ती ओल्या गालिच्यावर तासभर ठेवली तर तिच्या बैठकीचं काय होईल हे मूर्तिकाराला विचारायची गरज नाही. सामानाचं नुकसान निदान लगेच दिसतं, पत्र्याचं दिसत नाही, आणि या भागात खरी काळजी पत्र्याचीच करावी लागते.

त्याचं कारण मीठ आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जोराचा पाऊस गाठ पडला की खारेपाटातल्या सखल रस्त्यांवर येणारं पाणी निव्वळ पावसाचं नसतं, त्यात खाडी मिसळलेली असते. हवेतही खारेपणा असतो. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं, आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बहुतेक वेळ याच्या वरच असते. म्हणजे खारं पाणी एकदा डिकीच्या तळाशी शिरलं आणि नुसतं फडक्यानं टिपून काढलं, तर मागं राहिलेलं मीठ तो पत्रा पावसाळाभर कोरडा होऊ देत नाही. पत्र्यावरचा जस्ताचा थर आधी जातो, मग जोडांतून गंज धरतो. घाटावरच्या गाडीला जी गळती पाच वर्षं सोसते, ती इथल्या गाडीचा तळ दोन-तीन पावसाळ्यांत सडवू शकते.

गॅरेजांत आणि सर्व्हिस सेंटरांत चालणारे उपाय एकत्र मांडून पाहिले तर एक उणीव सगळीकडे दिसते. भोक बुजवायला सगळे तयार असतात, शोधायला कुणी बसत नाही. ‘डिकीत पाणी येतं’ म्हटलं की डिकीच्या कडेचं रबर बदललं जातं. तरी पाणी आलं तर टेल लॅम्पच्या भोवती सिलिकॉन फिरवलं जातं. तरीही आलं तर गिऱ्हाइकाला ‘पाऊसच फार आहे हो’ असं सांगितलं जातं. यात पैसे जातात, आणि मूळ वाट तशीच राहून वर चार ठिकाणी सिलिकॉनचे थर चढल्यामुळे पुढच्या माणसाला शोध घेणं अवघड होतं.

शोधाची सुरुवात पाणी कोणतं आहे इथून व्हावी. मासे घेऊन येणाऱ्यांच्या डिकीत बर्फाचं वितळलेलं खारं पाणी पिशवीतून गळून गालिच्याखाली जातं आणि दोष रबराला लागतो. त्याचा वास आणि चिकटपणा पावसाच्या पाण्याहून वेगळा असतो. हॅचबॅक गाड्यांत मागच्या काचेवर पाणी मारणारी बारीक नळी छताच्या आतून मागच्या दारापर्यंत जाते. तिचा जोड सुटला की पाऊस नसतानाही डिकी भिजते. वॉशरच्या टाकीत साबणाचं किंवा रंगाचं पाणी घालून बटण दाबलं की पाच मिनिटांत उलगडा होतो. मागच्या प्रवाशांसाठी वेगळा एसी असलेल्या काही मोठ्या गाड्यांत त्याच्या निचऱ्याची नळी निसटते. ओल्या छत्र्या, चपला, रेनकोट हेही विसरू नये. हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं ते बाहेरून येणारं पाणी.

बाहेरून येणाऱ्या वाटांमध्ये सगळ्यात कमी माहिती असलेली आणि इथल्या रस्त्यांवर सगळ्यात महत्त्वाची वाट मागच्या बंपरच्या आड असते. गाडीच्या आतली हवा बाहेर जायला जागा लागते, नाहीतर दार नीट लागणार नाही आणि एसीची हवा खेळणार नाही. म्हणून मागच्या बाजूच्या पत्र्यात, बंपरनं झाकलेल्या जागी, प्लॅस्टिकची चौकट असलेल्या झडपा बसवलेल्या असतात. खारबंदिस्तीच्या बांधातली उघाडी ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला आपोआप मिटते, तसंच या झडपांचं काम चालतं. हवा आतून ढकलते तेव्हा रबराच्या पातळ पापण्या उघडतात, एरवी मिटलेल्या असतात. पापणीत कचरा अडकला, ती वाळून वाकली किंवा चौकटीभोवतीचा फोम कुजला, की चाकानं उडवलेलं पाणी सरळ आत येतं. डिकी वरून कितीही धुतली तरी हा दोष दिसत नाही, कारण पाणी खालून येत असतं. ‘उभ्या गाडीत पाणी येत नाही, चालवली की येतं’ अशी तक्रार असेल तर पहिला संशय या झडपांवर घ्यावा. मागच्या अपघातात बंपर खोलून पुन्हा बसवलेल्या गाडीत तर हमखास घ्यावा, कारण घाईत चौकटीची एखादी खुंटी तुटते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. या झडपा कायमच्या बुजवून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो चुकीचा आहे. झडप बदलावी, वाट बंद करू नये.

रबराबद्दलचा समज मात्र थोडा सुधारायला हवा. डिकीच्या तोंडाभोवतीचं बीडिंग बहुतेक गाड्यांत ईपीडीएम जातीच्या रबराचं असतं आणि त्याच्या आत धातूची पट्टी असते. ते स्वतःहून लवकर खराब होत नाही. खराब होते ती ज्या पत्र्याच्या कडेवर ते बसतं ती कडा. सिमेंटची गोणी, सिलिंडर, लोखंडी खाट उंबऱ्यावरून घासत आत ढकलली की कडा दबते, तिथं बीडिंग खाली बसतं आणि झाकण बंद झाल्यावरही फट राहते. नवं बीडिंग आणून त्याच दबलेल्या कडेवर बसवलं तर पाणी येणारच. आधी कडा पकडीनं, लाकडाचा ठोकळा धरून सरळ करावी लागते. फट कुठं आहे हे शोधायला दोन जुन्या युक्त्या पुरतात. बीडिंगवर खडू घासून झाकण लावा आणि उघडा. झाकणाच्या आतल्या पत्र्यावर खडूची रेघ जिथं तुटते तिथं रबर टेकत नाही. किंवा कागदाची पट्टी अडकवून झाकण लावा आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारखाच अटकाव जाणवला पाहिजे. पुष्कळदा नुसतं कुलपाचं कडं थोडं खाली घेतलं किंवा कोपऱ्यातले रबरी टेकू फिरवून बसवले की काम होतं, रबर बदलावंच लागत नाही.

बीडिंगला तेल किंवा ग्रीस चोळायची सवय सोडायला हवी. खनिज तेलानं ईपीडीएम फुगतं आणि मऊ पडतं. लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस लावावं, तेही बोटभर.

टेल लॅम्पच्या मागं फोमची किंवा ब्युटाइलची गादी असते. दिवा एकदा काढून तीच गादी परत लावली की ती पूर्वीसारखी दबत नाही, म्हणून दिवा खोलला की गादी नवी हवी. झाकणावरचा वरचा ब्रेक-दिवा, नंबरप्लेटचे दिवे, बाहेरून बसवून घेतलेला कॅमेरा, स्पॉयलरचे बोल्ट आणि अँटेनाचं बूड ही सगळी भोकंच असतात. त्यातली बाजारात पाडून घेतलेली भोकं जास्त गळतात, कारण ड्रिल मारल्यावर उघड्या पत्र्याला रंग लावायचा राहून जातो आणि त्या भोकाचा काठ गंजून मोठा होत जातो.

छताच्या दोन्ही कडांना पन्हळीसारखी खोबण असते. तिच्या तळाशी दोन पत्र्यांचा जोड असतो आणि त्यावर कारखान्यात मसाला भरलेला असतो. उन्हाळ्यात तापून, पावसात थंड होऊन या मसाल्याला केसासारखी चीर जाते. पाणी तिथून शिरतं आणि मागच्या खांबाच्या पोकळीतून उतरत डिकीच्या कोपऱ्यात येतं. पाणी दिसतं एका जागी आणि शिरतं हातभर वर, त्यामुळे सगळ्यात जास्त चुकीची दुरुस्ती याच गळतीची होते. आंब्या-चिंचेखाली गाडी लावणाऱ्यांच्या पन्हळीत पालापाचोळा आणि रस्त्याची धूळ मिळून चिखल बसतो आणि तो ओल धरून ठेवतो.

सनरूफच्या गाड्या वाढल्यापासून एक नवा प्रश्न आला आहे. सनरूफच्या काचेभोवतीच्या रबरानं सगळं पाणी अडवावं अशी त्याची रचनाच नसते. थोडं पाणी आत येणार हे धरून खाली तबक आणि कोपऱ्यांत निचऱ्याच्या नळ्या दिलेल्या असतात. मागच्या नळ्या मागच्या खांबांतून उतरून बंपरजवळ बाहेर निघतात. त्या तुंबल्या किंवा सांध्यातून निसटल्या की पाणी डिकीत येतं. कोकणात त्या तुंबवायला पाल्याखेरीज कुंभारीण माशीही पुरते. उन्हाळ्यात दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळीच्या तोंडात ती मातीचं घर बांधून मोकळी होते. अशी नळी कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेनं साफ करू नये, आतला सांधा सुटतो. जाड नायलॉनची दोरी हळूहळू सारावी. २०२३ मध्ये धबधब्याखाली उभ्या केलेल्या स्कॉर्पिओ-एनमध्ये छतातून पाणी आल्याचा व्हिडिओ देशभर फिरला होता आणि कंपनीनंही धबधब्याखालीच गाडी नेऊन त्याला उत्तर दिलं होतं. त्या वादात कोण बरोबर यापेक्षा निचऱ्याची नळी नावाची वस्तू पुष्कळ मालकांना तेव्हा पहिल्यांदा कळली, हे महत्त्वाचं. अमेरिकेतही फोक्सवॅगन-ऑडीच्या गाड्यांतल्या याच नळ्यांवरून मोठा सामूहिक दावा चालला होता.

सीएनजीच्या गाड्यांचा वेगळा विचार करायला हवा, कारण पेण-अलिबाग-रोहा भागात त्या भरपूर आहेत. किट नंतर बसवलेलं असेल तर सिलिंडरचा सांगाडा आवळण्यासाठी डिकीच्या तळाला भोकं पाडलेली असतात. बोल्टभोवती मसाला नसेल तर चाकाचं पाणी तिथून वर येतं आणि गंज नेमका त्याच पत्र्याला धरतो ज्यावर भरलेल्या सिलिंडरचं ओझं असतं. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट सक्तीची आहे. त्या वेळी सिलिंडर बाहेर निघतोच, तेव्हा सांगाड्याखालचा पत्रा तपासून घ्यावा. मात्र गॅस गळल्यास तो बाहेर सोडणारी नळी तळातून खाली उतरलेली असते, तिचं तोंड गळतीचं भोक समजून कधीही बुजवू नये. त्यात जिवाचा धोका आहे.

आता प्रत्यक्ष शोध. मे महिन्यात, पावसाआधी, डिकी पूर्ण रिकामी करून गालिचा आणि बाजूचे प्लॅस्टिक काढावेत. गाडी चालते तेव्हा मागं उडणारी धूळ फटींतून आत शिरते. धुळीच्या तपकिरी रेघा जिथून निघतात तिथूनच पुढं पाणी येण्याची शक्यता मोठी असते. ही तपासणी फुकट आहे, पाण्याचा थेंबही लागत नाही आणि तरीही ती फार कमी लोक करतात.

पाण्याची चाचणी करताना प्रेशर वॉशर वापरू नये. त्याच्या जोरानं चांगल्या रबरातूनही पाणी शिरतं. साधा बागेचा पाइप घ्यावा, धार मंद ठेवावी आणि खालून वर यावं. आधी बंपर आणि चाकाच्या कमानी, मग दिवे, मग झाकणाचा खालचा काठ, वरचा काठ, मागची काच आणि शेवटी छत. एका जागी दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडल्याशिवाय वर सरकू नये. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या जागांवरून वाहतं आणि दोषी कोण हे कळत नाही. आतल्या कोरड्या पत्र्यावर टाल्कम पावडर शिंपडली की थेंबाची वाट ओघळाच्या रूपात उमटते. मागची सीट पाडून कुणीतरी टॉर्च घेऊन आत बसलं तर उत्तमच, पण सेडानच्या बंद डिकीत माणसाला, विशेषतः मुलाला, कोंडून ही चाचणी करू नये. आणखी एक पद्धत उलटी आहे. दारं-काचा बंद करून, बाहेरची हवा आत घेण्यावर पंखा पूर्ण जोरात ठेवायचा आणि बाहेरून जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे येतील तिथं फट. झडपांतून हवा जाणारच, तेवढ्या तात्पुरत्या चिकटपट्टीनं झाकाव्यात आणि नंतर पट्टी काढायला विसरू नये.

गाडी नेहमी चढावर लावली जाते की उतारावर, हेही विचारात घ्यावं. सपाट गॅरेजात न सापडणारी गळती घरासमोरच्या उतारावर लगेच सापडते.

वाट सापडल्यावर दुरुस्ती बहुधा लहान असते. पत्र्याच्या जोडाला पॉलियुरेथेनचा सीम सीलर, दिव्यांना ब्युटाइलची पट्टी किंवा नवी गादी, मागच्या काचेला काच उतरवून नवा गोंद. बाथरूमचं सिलिकॉन गाडीत वापरू नये असं माझं ठाम मत आहे. त्यातल्या ज्या प्रकाराला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो तो ॲसेटिक ॲसिड सोडतो आणि उघड्या पत्र्याला गंज लावतो. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागी पुढं रंगही धरत नाही. एम-सीलनंही जोड भरले जातात, पण ते कडक होतं आणि गाडीचा पत्रा सतत हलत असतो, म्हणून ते तडकतं.

स्टेपनीच्या खड्ड्यातलं रबरी बूच काढून टाकून ‘आलेलं पाणी निघून जाईल’ अशी व्यवस्था इथं सर्रास केली जाते. पाणी साचलेलं असताना रिकामं करायला ते बूच काढणं योग्य आहे, पण कायम काढून ठेवलं तर त्याच भोकातून रस्त्याचं पाणी आणि उंदीर वर येतात.

खारं पाणी शिरल्याची शंका असेल तर आधी गोड्या पाण्यानं दोन-तीनदा धुवावं, मगच वाळवावं. ही पायरी जवळजवळ सगळेच वगळतात. गालिच्याखालचा नमदा बाहेर काढावाच लागतो, वरून सुकलेला गालिचा खाली आठवडाभर ओला राहतो. श्रावणात ऊन नसेल तर टेबलफॅन लावून ठेवावा. गंज दिसला तर तारेच्या ब्रशनं खरवडून फॉस्फोरिक ॲसिडचं कन्व्हर्टर, त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग जोडात सीलर आणि रंग, हा क्रम मोडू नये. गंजावर थेट काळं अंडरकोटिंग मारलं की आतून सडणं चालूच राहतं, फक्त दिसेनासं होतं.

खर्चाचं गणितही पाहायला हवं. शोधाला दोन-तीन तास जातात आणि गिऱ्हाईक त्या वेळाचे पैसे द्यायला तयार नसतं. बीडिंग मात्र वस्तू आहे, तिचं बिल निघतं. म्हणून बीडिंग बदललं जातं. यात मेकॅनिकला एकट्याला दोष देता येणार नाही. विम्याकडूनही फार अपेक्षा ठेवू नये. पुरात झालेलं नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत बसतं, पण हळूहळू झिरपून झालेला गंज झीज म्हणून नाकारला जातो, आणि झिरो-डेप नसेल तर रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. वॉरंटीतल्या गाडीची गळती वारंवार दुरुस्त होऊनही थांबत नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अलिबागच्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आयोगापुढं भांडायचं तर तारखेचे फोटो आणि प्रत्येक फेरीचं जॉबकार्ड जवळ हवं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी डिकी आधी पाहावी. जुलै २००५ आणि जुलै २०२१ च्या पुरांत कोकणात आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. स्टेपनीच्या खड्ड्याच्या तळाशी बारीक गाळ, जॅकवर गंज आणि टेल लॅम्पच्या आत पाण्याची आडवी रेघ असेल तर ती गाडी नुसती गळकी नसून बुडालेली असू शकते.

यंदा गाडी सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा जॉबकार्डवर ‘डिकीला सीलंट मारणे’ असं लिहू देऊ नका. ‘डिकीत पाणी कुठून येतं ते शोधून गिऱ्हाइकाला दाखवणे’ असं लिहून घ्या, त्या शोधाची मजुरी आधीच ठरवा आणि ती द्या. आणि हे काम मृग लागण्याआधी करून घ्या, कारण नंतर वाळवायला ऊन मिळत नाही.